घरच्या औषधाची पावती

भाऊंच्या औषधाच्या दुकानात बिलाचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकूर खुद्द भाऊंनीच केली होती. कोणतं औषध कोणत्या खणात आहे ते मी डोळे मिटून सांगतो, मला कशाला हवाय हा टीव्ही, असं ते येईल त्याला ऐकवायचे. महिनाभरात त्याच मशीनचे असे काही भक्त झाले की बायको एकदा म्हणाली, “अहो, निदान जेवताना तरी त्याचं कौतुक नको.”

कौतुक करण्यासारखं ते होतंही. कोणत्या औषधाची मुदत संपत आलीय ते मशीन आधीच सांगायचं. माल कमी झाला की एजन्सीकडे मागणी आपोआप जायची. कोणी कोणतं औषध कधी नेलं, त्याचा फोन नंबर काय, सगळं एका बोटावर. दोन डॉक्टरांनी एकाच माणसाला एकमेकांशी न पटणारी दोन औषधं लिहून दिली असतील तर पडद्यावर लाल चौकट यायची, आणि ‘होय, खात्री केली’ असं दाबल्याशिवाय बिल पुढे सरकायचं नाही. एका टेम्पो ड्रायव्हरचं रक्त पातळ करणारं औषध आणि गुडघेदुखीची गोळी मशीनने अशीच अडवली होती. त्याच्या डॉक्टरांनी फोन करून आभार मानले. अडवलं मशीनने, आभार घेतले भाऊंनी.

मशीनची एकच खोड होती. बारकोड दाखवल्याशिवाय त्याचं पान हलायचं नाही, आणि बारकोड असायचा खोक्यावर. इथे तर गिऱ्हाईक मागणार एक स्ट्रिप, फार तर दोन. खोकं कधीच फेकून दिलेलं, स्ट्रिप सुट्या खणात पडलेल्या. मग भाऊंनी डोकं लढवलं. रिकाम्या खोक्यांवरचे बारकोड कात्रीने कापले, जाड पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवले, प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: बीपी, शुगर, थायरॉइड, पित्त, ताप. पुठ्ठ्याला भोक पाडून तो काउंटरच्या खिळ्याला सुतळीने टांगला. आता खणातून स्ट्रिप काढायची, पुठ्ठ्यावर टिट करायचं, पिशवीत टाकायची. गर्दीच्या वेळी हात असा चालायचा की गिऱ्हाईक सुटे काढेपर्यंत बिल तयार.

मशीनचा इंजिनिअर तपासणीला आला तेव्हा पुठ्ठा बघून त्याचा चेहरा पडला.

“भाऊ, हे काढून टाका.”

“का? त्याला बारकोडच हवाय ना? देतो की आम्ही.”

“पण मग ते तुमच्या हातातली गोळी बघतच नाही ना. पुठ्ठा बघतं. उद्या तुमच्या हातात खडूचा तुकडा असला तरी ते बीपीची गोळी म्हणून पास करेल.”

“माझ्या हातात काय आहे ते बघायला मला दोन डोळे आहेत,” भाऊ म्हणाले, आणि वर चष्मा पुसून दाखवला. इंजिनिअर हसला. त्याला अजून चार दुकानं करायची होती. चहा पिऊन तो गेला, आणि पुठ्ठा खिळ्यावर राहिला.

मशीनला आणखी एक गोष्ट कधी कळली नव्हती. ती म्हणजे भाऊंचं घर. भाऊंचे वडील याच काउंटरमागे उभे राहून म्हातारे झाले, आणि त्यांचा एक नियम होता: घरच्या आजाराची पावती फाडू नये. पावती फाडली की आजार हक्काने येऊन बसतो. घरात कोणाला काही लागलं तर खणातून उचलायचं, खिशात घालायचं आणि गप्प बसायचं. भाऊ स्वतःला शिकलेले समजायचे, काळी मांजर आडवी गेली तर तिला बाजूला व्हायला सांगायचे, पण हा एक नियम त्यांच्या हाडात मुरलेला होता. त्याच्यावर वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

घरात रोजची गोळी होती ती फक्त आक्काची, बीपीची. आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा भाऊ इतके लहान होते की आईचा चेहरा आठवायला त्यांना फोटो लागायचा. त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, परीक्षेच्या वेळी शेजारी जागत बसली ती आक्का. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती भांडी घासायला उठायची. पन्नाशी उलटलेल्या या भावाला ती अजून ‘धाकट्या’ म्हणून हाक मारायची, आणि चारचौघांत भाऊ म्हणवून घेणारे भाऊ त्या हाकेला निमूट ओ द्यायचे.

दर महिन्याला भाऊ आक्काची स्ट्रिप खणातून काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. महिनाअखेर मशीनमधला आकडा आणि खणातला आकडा जुळायचा नाही, तेव्हा पडद्यावर ‘कारण निवडा’ असं यायचं. चोरी, मुदत संपली, परत पाठवले, तुटफूट. भाऊ तुटफूट निवडायचे.

“म्हणजे मशीनच्या लेखी आमच्या आक्का फुटक्या बाटलीत जमा,” बायको चिडवायची. आक्काला हे कळलं तेव्हा तिला इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्यानंतर गुडघा दुखला की ती म्हणायची, “आज तुमची तुटफूट जिना चढणार नाही बाई.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या दिवशी सकाळी भाऊ निघाले तेव्हा आक्का खिडकीपाशी बसली होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि चहाचा कप तसाच निवलेला.

“काय गं, बरं नाही वाटत?”

“हात थरथरतायत मेले. काल पण तसंच. जरा काही गोड खाल्लं की बरं वाटतं.”

“उकाडा आहे. गोळी घेतलीस ना?”

“घेतली की.”

“मग झालं तर. दुपारी जेवण झालं की पड जरा,” भाऊ म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. बायको आधीच दुकान उघडायला गेली होती.

दुपार व्हायला थोडा अवकाश होता तेव्हा लाँड्रीवाल्या बाई शुगरची गोळी न्यायला आल्या. भाऊंनी पुठ्ठ्यावर टिट केलं. मशीनने सांगितलं, माल भरपूर, अख्खं खोकं शिल्लक. भाऊंनी शुगरचा खण ओढला तर खण रिकामा.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मशीन चुकलं. भाऊ म्हणाले, “मशीन म्हणतंय म्हणजे आहे. तू कुठे दुसरीकडे ठेवलंस का गं?” बायकोने नकारार्थी मान हलवली. नवीन माल भाऊच लावायचे, तो मान ते कोणाला देत नसत. त्यांनी वरचे खण पाहिले, खालचे पाहिले, फळ्यांमागे हात घातला. बाई म्हणाल्या, संध्याकाळी येते. त्या गेल्यावर भाऊंनी बीपीचा खण पूर्ण बाहेर ओढून काउंटरवर उपडा केला.

हिरव्या स्ट्रिप बाहेर पडल्या. कंपनीने गेल्या आठवड्यात पॅकिंग बदललं होतं, आता त्याच कंपनीची बीपीची स्ट्रिपही हिरवी आणि शुगरचीही हिरवी. एजन्सीच्या माणसाने माल उतरवताना सांगितलंही होतं, पॅकिंग नवीन आहे, बघून लावा. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. भाऊंनी खोकं फोडलं, रंग बघितला, खणात ओतलं.

आता त्यांनी एक स्ट्रिप उलटी करून उजेडाला धरली. मग दुसरी. मग चष्मा कपाळावर सारून स्ट्रिप डोळ्यांजवळ नेली. पुढच्या बाजूच्या सगळ्या शुगरच्या होत्या. मागे, रबर लावलेल्या गठ्ठ्यात, खऱ्या बीपीच्या.

“काय झालं?” बायकोने विचारलं. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“बीपीची म्हणून शुगरची गेलीय,” ते हळूच म्हणाले.

“कोणाला?”

“ज्याने ज्याने बीपीची नेली त्याला. पुठ्ठ्यावर बीपी टिट केलं आपण, बिलावर बीपी आलं. हातात मात्र ही.”

बायको इतकी वर्षं काउंटरला उभी होती, तिला पुढचं सांगायला नको होतं. ज्याला शुगर नाही त्याने ही गोळी घेतली की अंगातली साखर खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस भलतंच बोलायला लागतो. वेळेवर गोड दिलं तर सावरतो. नाहीतर झोपतो, आणि म्हातारा माणूस झोपला की झोपलाय असंच घरच्यांना वाटत राहतं.

“दहाचं खोकं होतं,” भाऊंनी स्ट्रिप मोजल्या. “पाच राहिल्यात.”

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मशीनसमोर बसले. अशा वेळी हातपाय गाळून बसणाऱ्यांतले ते नव्हते, आणि खरं सांगायचं तर या घटकेला त्यांना मशीनचा आधार वाटला. माल आल्यापासून बीपीची गोळी कोणाकोणाला गेली, असं विचारल्याबरोबर पडद्यावर नावं आली, शेजारी फोन नंबर. शिंपी, कंडक्टरची आई, बेकरीवाला, आणि एकटे राहणारे निवृत्त शाळामास्तर.

“बघ,” भाऊ म्हणाले, “हे नसतं तर कुठे शोधत बसलो असतो?”

शिंप्याने फोन उचलला. त्याची जुनी स्ट्रिप अजून संपली नव्हती, नवी पिशवीतच होती. “तिला हात लावू नका,” भाऊंनी बजावलं. बेकरीवाला स्वतःच स्ट्रिप घेऊन आला, कारण त्याच्या बायकोला गोळीचा आकार पटला नव्हता आणि त्याच्या घरी बायकोला न पटलेली गोष्ट पोटात जात नसे. कंडक्टरच्या आईने मात्र दोन दिवस गोळी घेतली होती.

“काल भर बाजारात खालीच बसले बघा मी,” त्या फोनवर सांगत होत्या. “दरदरून घाम. गोळी पण या खेपेला बारीक वाटली मला.”

“आत्ताच्या आत्ता साखरपाणी प्या,” भाऊ म्हणाले. “वर पोटभर जेवा. आणि मुलाला घेऊन दवाखान्यात जा, साखर तपासायला सांगा. खर्च माझा. उपाशी राहायचं नाही, कळलं ना? उपाशी पोटी ही गोळी फार वाईट, तिच्यानेच घाम फुटतो, हात थरथरतात.”

हे सगळं त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं. घाम, थरथर, उपाशी पोट. एकेक शब्द स्वच्छ उच्चारून सांगितला.

शाळामास्तरांचा फोन नुसता वाजत होता. भाऊ पुन्हा लावणार तेवढ्यात दुकानाचा फोन खणखणला. त्यांनी झडप घालून उचलला.

“धाकट्या, जेवायला कधी येताय?”

आक्का होती. बायको रोज या वेळेला घरी जायची, भाऊ मागून यायचे, पण दोघी बरोबर जेवायच्या. तिच्याआधी आक्काच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

“आक्का, आज उशीर आहे. तू जेवून घे.”

“मी थांबते. कधी येताय?”

“सांगितलं ना, उशीर होईल.”

मग पुन्हा, जडशा आवाजात, “जेवायला कधी येताय?”

“आक्का, फोन ठेव बघू. लाइन मोकळी हवीय मला. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“बरं,” आक्का म्हणाली. फोन ठेवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला, नुसता खडखडाट ऐकू आला. भाऊंनी मान हलवली. म्हातारपण, दुसरं काय. आणि पुन्हा शाळामास्तरांचा नंबर फिरवला.

कोणी उचलेना. तेव्हा भाऊ बायकोला फोनपाशी बसवून स्वतः निघाले. शाळामास्तर दोन गल्ल्या पलीकडे, एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहायचे. जिना चढताना भाऊंच्या मनात भलभलते विचार येत होते. दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली. वर्तमानपत्र फटीत अडकलेलं. बेल दाबली, आत तिचा आवाज घुमला आणि विरला. दार ठोठावलं. भाऊ शेजारच्या दाराकडे वळले, तर तिथे कुलूप. त्यांनी खांदा लावून दार हलवून पाहिलं. एक माणूस आपल्या हाताने मेला असेल, हा विचार त्यांना पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात सुचला.

मग आत कडी वाजली आणि बनियनवर शाळामास्तर उभे राहिले. कानात कापसाचे बोळे.

“वर गच्चीवर बांधकाम चाललंय, झोपू देत नाहीत,” ते म्हणाले. “तू इकडे कसा?”

भाऊंनी धापा टाकत सगळं सांगितलं. शाळामास्तरांनी मान खाली घातली, कधी काळी त्यांच्यासमोर मुलं घालायची तशी.

“मी गोळी घेतच नाही रे. सहा महिने झाले. आणतो आणि कपाटात ठेवतो. डॉक्टरांना सांगू नकोस.”

कपाटात स्ट्रिपची चळत होती. सगळ्यांत वर नवी हिरवी, एकही गोळी न काढलेली. भाऊंना त्यांना रागवावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. त्यांनी यातलं काही केलं नाही. चहा घेतलाच पाहिजे असा मास्तरांचा हट्ट पडला, आणि आता घाई नव्हती म्हणून भाऊ बसले. जीव भांड्यात पडला होता. मास्तर शाळेतल्या गोष्टी सांगत होते. चहा झाला, वर आणखी अर्धा कप झाला.

दुकानात परतले तेव्हा उन्हं कलली होती. बायकोने चारही स्ट्रिप ओळीने काउंटरवर मांडल्या. शिंप्याची, बेकरीवाल्याची, कंडक्टर स्वतः आणून देऊन गेला ती, आणि भाऊंनी खिशातून काढलेली मास्तरांची. दवाखान्यातून निरोप आला होता, कंडक्टरची आई ठीक आहे.

“सुटलो,” भाऊ म्हणाले.

“दहातल्या पाच खणात होत्या,” बायको म्हणाली. “आणि या चार. नऊ झाल्या.”

“एजन्सीने एक कमी भरली असेल. त्यांचं नेहमीचंच आहे.”

“सीलबंद खोक्यात?”

“अगं, मशीनमध्ये चारच बिलं आहेत. पाचवं बिलच नाही. बिल नाही म्हणजे विकली नाही. विकली नाही म्हणजे कोणाच्या पोटात जायचा प्रश्नच नाही.”

बायकोला भूक लागली होती, ती जास्त बोलली नाही. भाऊंनी मात्र हे प्रकरण आजच मिटवायचं ठरवलं. चुकीचा माल बाजूला काढला, मशीनमध्ये आकडे दुरुस्त करायला घेतले. पाच शिल्लक, चार परत आलेल्या, एक कमी. पडद्यावर नेहमीची पाटी आली: कारण निवडा.

सवयीने त्यांचं बोट तुटफुटीवर गेलं.

बोट तिथेच राहिलं. बायकोला वाटलं मशीन अडकलं. तिने वाकून पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

“आक्कांनी सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “गोळी बारीक दिसते म्हणून. मी म्हटलं, कंपनीने बदलली असेल.”

भाऊंनी फोन उचलला. घरचा नंबर लागेना, नुसतं एंगेज एंगेज. दुपारी आक्काला रिसीव्हर नीट ठेवता आला नव्हता.

दुकान तसंच टाकून दोघं धावली. भाऊंची एक चप्पल वाटेत निघाली, ती त्यांनी घेतली नाही. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. टेबलावर तीन ताटं वाढायला काढलेली, पोळ्यांच्या डब्यावर झाकण, आमटीवर पापुद्रा धरलेला. आक्का टेबल आणि फोन यांच्या मधे जमिनीवर होती. लुगडं घामाने ओलंचिंब, अंग गार, डोळे अर्धे उघडे. घशातून घरघर येत होती. खिडकीत पाण्याच्या भांड्याशेजारी हिरवी स्ट्रिप होती, तिच्यातल्या चार गोळ्या काढलेल्या.

भाऊंनी साखर बोटावर घेऊन तिच्या हिरड्यांना लावली. पुन्हा लावली. “आक्का, गिळ. आक्का, मी आहे.” बायको ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती आणि रडत होती. भाऊ रडत नव्हते. ते साखर लावत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि तुटक बोलायच्या.

“किती वेळ बेशुद्ध होत्या?”

जेवायला कधी येताय, ही शेवटची खूण त्यांच्याकडे होती. तिथून पुढे दोन गल्ल्या, एक जिना, दीड कप चहा.

“शुगरची गोळी कोणी लिहून दिली यांना?”

“कोणी नाही.”

“मग बिल असेल ना कुठल्या दुकानाचं?”

“बिल नाही,” भाऊ म्हणाले. “घरचं दुकान आहे.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं. सलाइनमधून साखर जात होती, यंत्रावरचे आकडे वर येत होते. आकडे लवकर वर आले. आक्काला मात्र वेळ लागला. तिने डोळे उघडले तेव्हा खिडकीत दुसऱ्या दिवसाचा उजेड होता. तिने पाणी मागितलं. सुनेसारख्या भावजयीच्या हाताने प्यायली. भाऊ पलंगाच्या कडेला वाकले.

“आक्का.”

तिने त्यांच्याकडे सौम्य नजरेने पाहिलं, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे चांगल्या घरची बाई पाहते तसं. “बसा ना,” ती म्हणाली.

येईल हळूहळू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेंदूला साखर मिळाली नाही की असं होतं, काही परत येतं, काही नाही. परत काय काय आलं ते सांगायचं तर आक्काला चालता यायला लागलं, वाचता यायला लागलं, आईचं नाव आठवलं, लहानपणीच्या घराच्या पायऱ्या आठवल्या. एक धाकटा भाऊ होता हेही आठवलं. तो एवढासा आहे, शाळेत गेलाय, येईल इतक्यात, असं ती हाताने उंची दाखवून सांगायची. दुपारी चार वाजले की खिडकीत जाऊन बसायची.

दुकानातला पुठ्ठा त्या आठवड्यातच गेला. भाऊंनी तो कात्रीने कापायला घेतला, पण हात चालेना, मग बायकोने नेऊन बंबात घातला. आता खोकी जपून ठेवली जायची. प्रत्येक स्ट्रिप स्वतःच्या खोक्यासह उजेडाखाली धरली जायची, आणि खोक्यावरचं नाव न् स्ट्रिपवरचं नाव भाऊ मोठ्याने वाचायचे. गिऱ्हाईक कंटाळायचं. कंटाळू दे, म्हणायचे.

दवाखान्यातून सोडताना आक्काला नवं औषध लिहून दिलं होतं. तो कागद काउंटरवर ठेवून बायको उभी राहिली. खणात हात घालायचा तिला धीर होईना.

“बिल कर,” भाऊ म्हणाले.

“घरच्याचं?”

“कर.”

तिने नाव टाकलं. मशीनने विचारलं: नवीन ग्राहक? तिने होय दाबलं. वय, पत्ता, फोन, चालू औषधं. एकेक रकाना भरत गेली आणि भाऊ मागे उभे राहून सांगत गेले. शेवटी त्यांनी स्वतः खोकं उजेडाखाली धरलं. टिट झालं. लाल चौकट आली नाही. पावती छापून बाहेर आली ती त्यांनी फाडून खिशात ठेवली. वडिलांच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही.

घरी आक्का खिडकीत होती. भाऊंनी पाण्याचं भांडं पुढे केलं, तिच्या तळहातावर गोळी ठेवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली.

“आधीची बारीक होती,” ती म्हणाली.

“हो. ही बरोबर आहे.”

“तुम्ही औषधाच्या दुकानातून आलात ना?”

“हो.”

तिने गोळी घेतली, पाणी प्यायली, भांडं परत दिलं. मग हात पुढे केला. भाऊंना वाटलं तिला उठायचंय, म्हणून त्यांनी तो हात धरला. तिने हलकेच सोडवून घेतला.

“पावती द्या ना,” आक्का म्हणाली. “आमचा धाकटा आला की विचारेल, औषध कोणी दिलं म्हणून. त्याला दाखवायला हवी.”

भाऊंनी खिशातून पावती काढली. तिने ती उजेडाला धरून सावकाश वाचली, स्वतःचं नाव दोनदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि कनवटीला खोचली. मग ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. शाळा सुटायची वेळ झाली होती.